ट्रॉली मागं घेताना



आमच्या बचत गटानं ट्रॅक्टर-ट्रॉली घेतली, तेव्हा पुढं चालवायला आम्ही लवकर शिकलो. मागं घेताना मात्र घाम फुटायचा. गोठ्याचं फाटक अरुंद, एकीकडं भिंत, दुसरीकडं पाण्याचा हौद. स्टिअरिंग उजवीकडं फिरवावं, तर ट्रॉली डावीकडं! पारावरची मंडळी हसायची.

मग आम्हाला एक सोपी युक्ती कळली. हात स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला न ठेवता खालच्या बाजूला धरायचा. ट्रॉलीचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचं, त्याच बाजूला हात सरकवायचा. ट्रॉली वळू लागली की स्टिअरिंग उलट फिरवून ट्रॅक्टर तिच्या मागोमाग न्यायचा. ट्रॉली फारच दुमडली, तर जोर करायचा नाही. पुढं घ्यायचं, सरळ करायचं, पुन्हा सुरुवात. ही युक्ती दोन चाकी ट्रॉलीची. चार चाकी ट्रॉली दोन ठिकाणी वळते, ती जास्त अवघड.

पण खरा धडा वेगळाच मिळाला. एका संध्याकाळी आम्ही कडबा भरून आणला होता. मागं तिघी उभ्या. एक म्हणे 'घे', दुसरी म्हणे 'थांब'. तेवढ्यात हौदाआडून एकीचा नातू करडामागं धावला. त्या गोंगाटात चालवणारीला काही कळेना. शेजारणीनं पोराला ओढलं म्हणून निभावलं. त्या रात्री आमच्यापैकी कुणाला घास गेला नाही.

चूक आमचीच होती. तेव्हापासून आमचे नियम ठरले. आधी खाली उतरून जागा बघायची, वरची विजेची तारसुद्धा. पोरं आणि जनावरं आत. खुणा एकीनंच करायच्या, त्याही हातानं, कारण इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. तिनं ट्रॉलीच्या थेट मागं उभं राहायचं नाही. ती दिसेनाशी झाली की लगेच ब्रेक. 'थांब' मात्र कुणीही म्हणावं, लहान पोरानंसुद्धा. वेग मुंगीचा. दांड्यावर किंवा मडगार्डवर कुणी बसायचं नाही.

सराव मोकळ्या रानात करा, रिकाम्या ट्रॉलीनं. फाटकाच्या जागी दोन काठ्या रोवा. काठी पडली तर पडू द्या, ती परत रोवता येते.

आता पारावरचं हसू थांबलंय. परवा त्यातल्याच एकानं विचारलं, "वहिनी, आमची ट्रॉली तेवढी आत लावून देता का?"

आम्ही म्हटलं, "देतो की. आधी पोरं घरात घ्या."