दापोडी आणि दौंड : साम्राज्याच्या बिनतारी साखळीतील दोन ठाणी

लंडनला सर्व वसाहतींशी बिनतारी यंत्रणेने जोडण्याची कल्पना 1911 च्या साम्राज्य परिषदेत मान्य झाली, तरी हिंदुस्थानशी थेट संपर्क सुरू होण्यास 1927 साल उजाडले. या विलंबामागे पहिले महायुद्ध आणि मार्कोनी कंपनीच्या कंत्राटावरून माजलेले राजकीय वादळ होतेच. मात्र अंतर जितके मोठे तितकी लहर लांब आणि प्रक्षेपक शक्तिशाली हवा, ही तत्कालीन तज्ज्ञांची ठाम समजूतही त्याला कमी कारणीभूत नव्हती. तिच्यामुळेच 1920 साली सरकारी समितीने सुमारे 3,200 किलोमीटरच्या टप्प्यांवर ठाणी उभारून संदेश एकाकडून दुसऱ्याकडे सोपवण्याचा खर्चिक आराखडा मांडला.

ही समजूत लघुलहरींनी मोडीत काढली. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत पसरून काही अंतरावर क्षीण होतात. लघुलहरी मात्र आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून, परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात. मार्कोनी व त्यांचे सहकारी चार्ल्स फ्रँकलिन यांनी उंच मनोऱ्यांवर तारांचे पडदे टांगून या लहरींचा झोत एकाच दिशेला वळवला, त्यामुळे अल्प शक्तीत काम भागू लागले, आणि जुलै 1924 मध्ये ब्रिटिश सरकारने हीच ‘बीम’ पद्धत स्वीकारली.

हिंदुस्थानात ही पद्धत चालवणाऱ्या इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीचे प्रक्षेपण केंद्र खडकीजवळ दापोडीला, तर ग्रहण केंद्र मनमाडमार्गे पुण्याला जाताना लागणाऱ्या दौंडला उभे राहिले. दोन्ही एकाच जागी असती तर स्वतःच्याच प्रक्षेपकाच्या गोंगाटात इंग्लंडहून येणारा क्षीण संकेत बुडाला असता. मुंबईच्या कार्यालयात तारेचा मजकूर कागदी पट्टीवर मोर्स संकेतांच्या छिद्रांत उतरवला जाई, ती पट्टी यंत्रातून धावू लागली की तारमार्गाने दापोडीचा प्रक्षेपक त्या तालावर चाले, आणि दौंडला टिपलेले संकेत मुंबईतच शाईच्या नागमोडी रेषेत उमटत. ही सेवा 6 सप्टेंबर 1927 रोजी खुली झाली.

तिच्या स्वस्ताईने 1870 पासून मुंबईला इंग्लंडशी जोडणाऱ्या समुद्री तारांचा धंदाच धोक्यात आणला. बिनतारी संदेश कोणालाही चोरून ऐकता येतो, तार मात्र गुप्तता राखते, या लष्करी विचाराने साम्राज्य सरकारने या प्रश्नावर 1928 साली भरलेल्या परिषदेनंतर दोन्ही व्यवसाय एकत्र आणले व 1932 साली हिंदुस्थानातही तेच विलीनीकरण झाले. स्वस्त साधनाच्या कमाईवर महागडे साधन जगवण्याचा हा निर्णय साम्राज्याच्या सोयीचा होता, हिंदी ग्राहकाच्या नव्हे. त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीचे 1 जानेवारी 1947 रोजी, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच, राष्ट्रीयीकरण झाले आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस हे सरकारी खाते अस्तित्वात आले.