फुकटच्या मालिकेची किंमत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सेक्रेटरीबाईंनी मला दोन शब्द बोलण्यास सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. बोलणाऱ्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण एक गोष्ट गेले कित्येक महिने मनात डाचते आहे, ती आपल्या सर्वांसमोर बोलून टाकावी म्हणून उभी राहिले आहे. माझे काही चुकले तर आपली धाकटी बहीण समजून सांभाळून घ्यावे.

आपल्यापैकी बहुतेकजणी दुपारी जेवणखाण आटोपले की मोबाईलवर मालिका बघतात. त्यात वाईट काही नाही. बाईमाणसाला दिवसभरात तेवढाच अर्धा तास आपला असतो. आमच्या घरी मात्र मालिका लागायची ती सासूबाईंसाठी. त्यांचे खुब्याचे हाड मोडल्यापासून त्या आतल्या खोलीत पलंगावरच असतात. टीव्ही बाहेरच्या खोलीत. मग माझाच मोबाईल त्यांच्या उशाशी उभा करून ठेवायची. पण मालिका रंगात आली की मध्येच जाहिरात लागे, आणि पुढचा भाग बघायचा तर पैसे भरा म्हणून पाटी येई. त्या म्हणायच्या, "अगं, आत्ताच तर ती माहेरी निघाली होती, मग हे काय मध्येच?" मला त्यांचा जीव हळहळलेला बघवत नसे.

श्रावणात नणंदबाईंचा मुलगा आला होता. तो म्हणाला, "मामी, पैसे कशाला भरता? मी तुम्हाला सगळं फुकटातलं अ‍ॅप बसवून देतो. जाहिरात नाही, काही नाही." पोर हुशार, मनाने चांगले. त्याने कुठल्याशा समूहातून एक फाईल उतरवली. मोबाईलने दोनदा धोक्याची सूचना दिली. तिसऱ्यांदा प्ले प्रोटेक्ट नावाचा मोबाईलमधला राखणदार आडवा आला, तेव्हा त्यालाच बंद करा असे त्या समूहात लिहिलेले होते. त्याने बंद केले. मी शेजारी बसून भाजी निवडत होते. "फुकट ते पौष्टिक" असे म्हणून मी हसलेसुद्धा.

आणि भगिनींनो, खोटे कशाला सांगू, तीन महिने ते अ‍ॅप छान चालले. सासूबाई खूश, मी खूश. पहिल्याच दिवशी फसले असते तर शहाणी झाले असते. चांगले चालले म्हणून माझा विश्वास बसला.

२०२४ च्या दिवाळीत आपण फराळाच्या ऑर्डरी घेतल्या होत्या ते आपल्याला आठवत असेल. चकली, अनारसे, चिवडा. गिऱ्हाइकांचे पैसे माझ्या मोबाईल नंबरवर येत होते, कारण खजिनदार मी. भाऊबीज झाली, हिशेब झाला, आणि सहाजणींच्या मजुरीचे १८,५०० रुपये माझ्या खात्यात वाटपासाठी राहिले. त्याच आठवड्यात त्या अ‍ॅपमध्ये एक पाटी आली, की अ‍ॅप जुने झाले, नवे करून घ्या. मी बटण दाबले. मग त्याने एकामागून एक परवानग्या मागितल्या. संदेश वाचू का? हो. 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' चालू करू का? आता हा शब्द माझ्या सात पिढ्यांत कोणी ऐकलेला नाही. सासूबाई आतून हाका मारत होत्या, गॅसवर दूध होते. मी हो, हो, हो करत गेले.

तुळशीचे लग्न झाल्यावर मी पैसे काढायला गेले, तर खात्यात ११२ रुपये. पासबुक भरून घेतले. रात्री दोनच्या सुमारास ९,००० आणि पाठोपाठ ९,५०० असे दोनदा पैसे गेलेले. मोबाईलवर त्याचा एकही संदेश नाही. बँकेने पाठवला होता, पण त्या अ‍ॅपने तो मला दिसण्याआधीच पुसून टाकला होता.

आता माझी खरी चूक सांगते. अ‍ॅप घेतले ही चूक होतीच, पण त्याहून मोठी चूक म्हणजे मी गप्प बसले. दोन दिवस मी घरातसुद्धा बोलले नाही. 'ह्यांना' काय वाटेल, नणंदबाईंच्या मुलावर आळ जाईल, आणि तुम्ही सर्वजणी काय म्हणाल! झाकली मूठ सव्वा लाखाची, असे मनाशी म्हणत राहिले. मजुरी मागायला आलेल्या बहिणींना मी सांगितले, की गिऱ्हाइकांकडून पैसे यायचे आहेत. ते खोटे होते. बारा दिवस मी ते खोटे चालवले. त्यातल्या एकीच्या मुलाची फी थांबली होती, हे मला नंतर कळले. आज ती समोर बसली आहे. तिची मी सर्वांदेखत क्षमा मागते.

शेवटी मी माझ्या पाटल्या सोनाराकडे ठेवल्या आणि सगळ्यांची मजुरी चुकती केली. पाटल्या अजून सुटायच्या आहेत. पोलिसांत तक्रार केली ती तिसऱ्या दिवशी. तोवर पैसे चार खात्यांतून फिरून गेले होते. चार हजार रुपये तेवढे एका खात्यात अडकवता आले. तेही हाती पडायला पाच महिने गेले. चोराच्या हातची लंगोटी म्हणतात ती ही. तक्रार लिहून घेणारे पोलीसभाऊ मला म्हणाले, "ताई, त्याच सकाळी कळवले असते तर जास्त वाचले असते."

त्या भाऊंनी मला हे प्रकरण समजावून दिले. ते मी आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते. आपण मंडळाचा कांदालसूण मसाला पाकिटात भरतो आणि वर मंडळाचा शिक्का मारून तोंड बंद करतो. शिक्का बघून गिऱ्हाईक समजते की आतला माल आपल्या हातचा. मोबाईलच्या अ‍ॅपचेही तसेच असते. अ‍ॅप बनवणारा त्यावर आपली खूण उमटवतो. ती खूण दुसऱ्याला उमटवता येत नाही. अँड्रॉइड मोबाईलवर अ‍ॅप ज्या पाकिटातून येते त्याला एपीके म्हणतात. हे 'मॉड' करणारे लोक ते पाकीट फोडतात, पैसे भरले का विचारणारा पहारेकरी आतून काढून टाकतात, जाहिराती काढतात, आणि पाकीट पुन्हा बंद करून त्यावर स्वतःचा शिक्का मारतात. वरचे नाव तेच, चित्र तेच, शिक्का मात्र भलत्याचा. फोडलेल्या पाकिटातून त्याने काय काढले ते तो सांगतो. आत काय घातले ते कोण सांगणार?

सगळीच अशी अ‍ॅप पैसे चोरतात असे नाही. पण कुठले चोरते आणि कुठले नाही, हे आपल्याला बाहेरून ओळखता येत नाही. शिवाय मूळ कंपनी आपल्या अ‍ॅपची डागडुजी करते ती या फोडलेल्या पाकिटाला लागू होत नाही, कारण शिक्का जुळत नाही. मग नवे करायचे झाले की पुन्हा त्याच अनोळखी माणसाच्या दारात जावे लागते. मी तशीच गेले.

आणि ती अ‍ॅक्सेसिबिलिटी! ती सोय मूळची चांगल्या कामासाठी आहे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना पडद्यावरचे वाचून दाखवावे, ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्या वतीने बटण दाबावे, म्हणून ती केलेली. पण तीच चोराला दिली तर तो पडद्यावरचे सारे वाचतो आणि आपल्या वतीने बटणेही दाबतो. संदेश वाचायची परवानगी दिली की ओटीपी त्याच्या हाती. घराची किल्ली मी स्वतः दिली, मग कुलूप तरी काय करील?

आता थोडे न्यायाचे बोलते. माझे पैसे गेले नसते तरी ते अ‍ॅप ठेवणे बरोबर होते का? आमच्या शेजारचे वकीलभाऊ म्हणाले, की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५ अ घातले. कृती राखण्यासाठी लावलेले असे कुलूप हक्क डावलण्याच्या हेतूने तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पण कायदा बाजूला ठेवा. आपल्या मसाल्याची पाकिटे कोणी उचलून फुकट वाटली, आणि वर म्हणाला, मंडळाला काय कमी आहे, तर आपल्याला कसे वाटेल? मालिकेतसुद्धा कोणी साड्यांना इस्त्री करणारी असते, कोणी सेटवर चहा देणारा असतो. त्यांची चूल त्याच पैशावर पेटते.

दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तो १९१३ साली मुंबईत लागला. त्यामागे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई होत्या. त्यांनी आपले दागिने पुढे केले, काम करणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, आणि फिल्मला भोके पाडण्यापासूनची कामे शिकून घेतली. त्या माउलीचे दागिने चित्रपट निर्माण करण्यासाठी गेले. माझ्या पाटल्या फुकटात बघण्यापायी गेल्या. केवढे हे अंतर!

मग आपल्यासारख्यांनी काय करावे? करमणूक सोडावी असे मी म्हणणार नाही. दूरदर्शनच्या फ्री डिशला एकदा छत्री आणि डबा घेतला की महिन्याचे भाडे नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज नावाचे अ‍ॅप काढले आहे, त्यावर पुष्कळसे फुकट बघता येते. जाहिराती सोसल्या तर इतरही ठिकाणी बरेच काही बिनपैशाचे असते. आमच्याकडे आता जाहिरात लागली की मी सासूबाईंना पाणी देते, पाय चेपते. त्या म्हणतात, "जाहिरात बरी, तू तेवढी जवळ बसतेस."

चार गोष्टी मात्र गाठीशी बांधून घ्या. अ‍ॅप घ्यायचे ते मोबाईलच्या अधिकृत दुकानातूनच, म्हणजे प्ले स्टोअरमधून. निरोपातून आलेली एपीके फाईल उघडायची नाही, मग ती लग्नपत्रिका म्हणून येवो की वीजबिल म्हणून. प्ले प्रोटेक्ट बंद करा असे जो सांगेल तो आपला नव्हे. आणि मालिका दाखवणाऱ्याला आपले संदेश वाचण्याचे काय कारण, एवढे प्रत्येक 'हो'च्या आधी स्वतःला विचारायचे.

इतके करूनही घात झालाच, तर मोबाईलचे इंटरनेट तत्काळ बंद करा, दुसऱ्या फोनवरून १९३० या नंबरवर आणि आपल्या बँकेला कळवा. नवरा रागावेल, लोक हसतील, याची वाट बघत बसू नका. लाजेत गेलेला एकेक तास चोराच्या पदरात पडतो.

फराळाचे पैसे आता माझ्या खात्यात येत नाहीत. मंडळाचे वेगळे खाते उघडले आहे आणि दोघींच्या सहीशिवाय पैसे निघत नाहीत. ही सूचना मीच मांडली होती. त्यामागचे कारण तेव्हा सांगितले नव्हते, ते आज सांगितले. हे ऐकल्यावर खजिनदारपदी मला ठेवायचे की नाही, ते आपण ठरवावे. आपला निर्णय मला मान्य राहील.

मन हलके झाले.