भाव आला, माणूस आलाच नाही



जालन्याहून बदनापूरकडे निघालं की रस्त्याकडेला पाट्या दिसू लागतात: ‘एनए प्लॉट, समृद्धीपासून पाच मिनिटांवर’. पाच मिनिटं कोणत्या गाडीनं, ते पाटी सांगत नाही. आत डोकावलं तर चुन्याच्या रेघा, कोपऱ्यांवर सिमेंटचे खांब आणि गाजरगवत. राहायला कुणी आलेलं नसतं. भाव तेवढा येऊन बसलेला असतो.

बाहेरची माणसं आली की गावात जागा महागतात, असं आपण सरसकट म्हणतो. पण येणारे दोन तऱ्हेचे. एक पोलाद कारखान्यांतला कामगार, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला. औद्योगिक वसाहतीच्या आसपास पत्र्याच्या एकेका खोलीत तिघं-चौघं राहतात. दिवसपाळीचा उठला की त्याच अंथरुणावर रातपाळीचा पाठ टेकतो. त्याच्यामुळे खोलीभाडं वाढतं, खरं आहे. पण ते भाडं गावातल्याच कुणाच्या तरी घरात जातं, आणि पाऊस दगा देतो त्या साली तेच कामी येतं.

दुसरा येतो तो फक्त सातबाऱ्यावर. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला, 5 जून 2025 ला थेट मुंबईच्या वेशीला भिडला. त्यात जालन्याच्या ड्रायपोर्टची चर्चा. मग गुंतवणूकवाले, इसार देऊन मोकळे होणारे एजंट, शिवाय रस्त्यात जमीन गेली म्हणून मोबदल्याचे पैसे घेऊन शेजारच्या गावात रान शोधणारे आपलेच शेतकरी. विकणाऱ्याची तक्रार नसते, का असावी? मार बसतो तो भूमिहीनाला. घरकुल मंजूर होतं, पण बांधायचं कुठं? जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून पूर्वी 50 हजार रुपये मिळायचे, पुढे ते 1 लाखापर्यंत वाढवले. जागा 500 चौरस फूट, म्हणजे अर्धा गुंठाही नाही. रस्त्यालगतच्या गावात एवढ्या पैशांत तेवढी जागा देणारा शोधून दाखवा.

कामगाराला नावं ठेवून यातलं काही सुटणार नाही. समृद्धीला जोडणाऱ्या नांदेड-जालना मार्गासाठी मंठा, परतूर भागात मोजणीचे दगड पडले आहेत. तिथल्या सरपंचांना माझं सांगणं आहे: गावठाणवाढीचा प्रस्ताव पाट्या लागायच्या आत पाठवा, आणि येत्या ग्रामसभेत बेघरांची यादी आधी वाचा.