निळी बाटली आणि एक चित्रफीत

ताडकळससारख्या गावाच्या बाजारपेठेतही जिचा परिचय करून देण्याचे प्रयोजन नाही, त्या 'पॅराशूट' खोबरेल तेलाच्या निळ्या बाटलीच्या शुद्धतेविषयी 2018 च्या सप्टेंबरात एका तरुणाने यूट्यूबवर शंका घेतली, तेव्हा तिची उत्पादक, मुंबईची मॅरिको कंपनी, उच्च न्यायालयात दावा घेऊन गेली. 15 जानेवारी 2020 रोजी न्यायालयाने चित्रफीत काढून टाकण्याचा अंतरिम हुकूम दिला, आणि ज्याचे म्हणणे असंख्य लोक विश्वासाने ऐकतात त्याची जबाबदारी सामान्य माणसाहून अधिक, असेही बजावले. पुढच्याच महिन्यात मात्र खंडपीठाने, काही भाग वगळून, ती पुन्हा दाखविण्यास मुभा दिली. कंपनीचा हक्क निर्विवाद. परंतु दाव्यामुळेच हे प्रकरण वृत्तपत्रांत गाजले, हाही हिशेब मांडावयास हवा!

एरवी मोठ्या कंपन्या समाजमाध्यमांवर आपल्या नावाचा उल्लेख कोठे होतो यावर अष्टौप्रहर नजर ठेवण्यास माणसे नेमतात; ती तक्रारदाराला चारचौघांत नम्र उत्तर देतात आणि उर्वरित तपशील खाजगी संदेशात मागवितात. या सौजन्यात लोकलज्जेचा अंश मोठा, पण ग्राहकाने त्याचा लाभ अवश्य घ्यावा. पावती व वेष्टनावरील बॅच क्रमांक जपावा, स्वतःचा दूरध्वनी क्रमांक उघड लिहू नये, कारण कंपनीचे नाव सांगून फसविणारे तेथेच टपलेले असतात. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा क्रमांक आहे 1915.