विखुरलेली दप्तरे आणि घरचे दार

उदगीरचे एखादे जुने घराणे घ्यावे. त्याचा वाडा जागचा हललेला नाही, शेताची शीव बदललेली नाही, विहीर होती तेथेच आहे. परंतु त्या शेताचा कागद मात्र किती दप्तरांतून हिंडला! १९५६ सालच्या राज्य पुनर्रचनेपर्यंत उदगीर तालुका बीदर जिल्ह्यात होता. त्या वर्षी बीदर म्हैसूर राज्याकडे गेले आणि उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके उस्मानाबादेस जोडले गेले. पुढे १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा स्वतंत्र झाला, तेव्हा ते लातूरच्या वाट्यास आले. १९४८ पर्यंतचा कारभार निजामाचा आणि दरबारची भाषा उर्दू, तिच्याआधी फारसी, शिवाय पुष्कळशा जुन्या नोंदी मोडीत. जमीन एका जागी आणि तिची स्मृती चार जागी, असा हा प्रकार.

या विखुरलेपणाची प्रचीती साऱ्या मराठवाड्यास २०२३ साली आली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात महाराष्ट्र शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकालीन कागदपत्रांतील कुणबी नोंदी शोधण्याचे काम तिजकडे सोपविले. उर्दू व मोडी वाचणारे जाणकार शोधावे लागले. चौकशी हैदराबादपर्यंत गेली. ऑक्टोबरअखेर सुमारे पावणेदोन कोटी दस्तऐवज तपासून साडेअकरा हजारांच्या आसपास नोंदी हाती आल्या, असे शासनाने जाहीर केले. ज्या घराची नोंद त्यांत होती त्या घरास तिचे मोल काय, हे निराळे सांगावयास नको. कागद नव्हते असे नव्हे. कागद होते, परंतु ते सर्व जेथून पाहता येतील असे एक दार नव्हते.

आता आजच्या एखाद्या सुशिक्षित घराकडे पाहावे. वडील नांदेडास, मुलगा शिकवणीसाठी लातुरास. लग्नाची छायाचित्रे दूरध्वनीत. सातबाऱ्याच्या व खरेदीखताच्या प्रती जुन्या संगणकावर. मुलाच्या टिपणवह्या कोठल्याशा कंपनीच्या भाड्याच्या कोठारात. आणि आजोबांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण एका लहानशा डबीत, जी कोणत्या कपाटात आहे हे फक्त आईस ठाऊक! निजामाच्या दप्तरांस हसणाऱ्या पिढीने आपले दप्तर त्याहूनही अधिक ठिकाणी विखरून ठेविले आहे.

शिवाय येथेही प्रत्येक कोठाराची बोली निराळी. एका यंत्रावरील फाइल दुसऱ्यावर कशी न्यावी, याचा एफ.टी.पी. नावाचा संकेत एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण या भारतीय अभियंत्याने प्रथम लिहून काढला. कानपूरच्या आय.आय.टी.त शिकून ते तेव्हा अमेरिकेतील एम.आय.टी.त होते. कचेरीतील संगणक एकमेकांशी एस.एम.बी. नावाच्या संकेताने बोलतात. महाजालाच्या वाटेने फाइली लिहिण्याचा वेबडॅव्ह हा संकेत १९९९ चा, तर अॅमेझॉन कंपनीचे एस-थ्री हे कोठार मार्च २००६ मध्ये उघडले आणि त्याची बोली पुढे इतर अनेकांनीही उचलली. जसे उर्दू दप्तरास मोडीचा जाणकार उपयोगी नाही, तसेच हे.

यावर जो उपाय निघाला आहे, तो एखाद्या बहुभाषी कारकुनासारखा आहे. एक आज्ञावली घरच्याच संगणकावर बसवावयाची. ती अहोरात्र जागी राहते आणि घरातील माणसांस नेहमीच्या ब्राउझरमध्ये एक पान दाखविते. त्या पानावर सर्व कोठारे शेजारी शेजारी मांडलेली असतात. मुलाने लातुरात बसून खरेदीखतावर बोट ठेवले की, आज्ञावली त्या कोठाराशी त्याच्याच बोलीत बोलते, फाइल मागून घेते आणि त्याच्यापुढे ठेविते. मूळ फाइल जागची हलत नाही. हलतो तो केवळ निरोप. २०१६ साली सुरू झालेली नेक्स्टक्लाउड, तशीच फाइलस्टॅश, ही या जातीची उदाहरणे होत. त्यांची मूळ संहिता कोणासही पाहण्यास खुली आहे.

येथे कोणी विचारील की, ही सोय कंपन्या करून देत असता घरी कारकून ठेवण्याची यातायात कशास? त्याचे उत्तर लातूरकरांस पुस्तकात शोधावे लागणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास आली. पहिल्या खेपेस १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी उतरले. ती गाडी उपकारक होती, यात संशय नाही. परंतु गाडी कधी यावयाची आणि कधी थांबावयाची हे तहानलेल्याच्या हाती नसते. गूगल कंपनीने छायाचित्रांची अमर्याद मोफत सोय १ जून २०२१ पासून थांबविली आणि शिक्षणसंस्थांस दिलेल्या अमर्याद साठ्यावर जुलै २०२२ पासून १०० टेराबाइटची सामाईक मर्यादा घातली. हा तिचा हक्कच होता. प्रश्न एवढाच की, ज्यांचे सारे दप्तर तेथेच होते त्यांच्या अंगणात दुसरा आड होता काय?

मात्र आड खणला म्हणजे काम संपले असे नव्हे. त्यास कठडाही बांधावा लागतो. सप्टेंबर २०२० मध्ये वर्डप्रेसवरील ‘फाइल मॅनेजर’ या ७ लाखांहून अधिक संकेतस्थळांवर बसविलेल्या जोडणीत एक छिद्र सापडले. नमुन्यादाखलची एक फाइल आत उघडी राहिली होती आणि तिच्या वाटेने परक्यास परवलीचा शब्द न देताच आत शिरता येत होते. दुरुस्ती तत्काळ निघाली; ज्यांनी ती बसविली नाही त्यांचे दार उघडेच राहिले. हा कारकून साऱ्या कोठारांच्या किल्ल्या एका जुडग्यात बाळगतो. म्हणून त्याचे दार थेट रस्त्यावर उघडू नये आणि निघेल ती दुरुस्ती वेळच्या वेळी करून घ्यावी.

कारकून कोणाचा नोकर आहे, हेही पाहावे लागते. याच कामाच्या ए-लिस्ट नावाच्या आज्ञावलीची मालकी २०२५ साली एका कंपनीकडे गेली, तेव्हा वापरणाऱ्यांच्या मनात शंका उभी राहिली. संहिता खुली होती म्हणूनच त्यांस तीवरून ओपनलिस्ट नावाची निराळी शाखा काढून काम पुढे चालविता आले. बंद संहितेच्या बाबतीत हे घडते ना.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. दार म्हणजे कोठार नव्हे. या पानावर दहा कोठारे दिसली तरी प्रत्येक फाइलीची प्रत एकच असेल, तर ती गेली की गेलीच; उलट, येथून चुकून पुसलेली फाइल मुळातूनच पुसली जाते. म्हणून मोलाच्या कागदांची दुसरी प्रत दुसऱ्या गावी असावी. नांदेडच्या घराची प्रत लातूरच्या नातलगाकडे आणि त्यांची नांदेडास, अशी देवघेव आपल्या लोकांस नवी नाही. बी-बियाणे पूर्वी असेच राखले जाई.

उदगीरच्या त्या घराण्याचा कागद चार दप्तरांत गेला, तो राज्ये आणि जिल्हे बदलले म्हणून. त्यात घराचा दोष नव्हता. आजची विखुरणी मात्र घरानेच, सोयीसाठी, रोज थोडी थोडी केलेली आहे. आणखी पन्नास वर्षांनी एखादी नात आपल्या आजोबांचा आवाज शोधावयास निघेल, तेव्हा तिला समितीची वाट पाहावी लागू नये. आईने दाखविलेले दार उघडावे आणि आवाज ऐकावा, एवढेच व्हावे.