संस्थेच्या संकेतस्थळाचे नाव आणि त्याची मुदत

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



ह्या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह ह्या विषयांवर बोलण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. त्या मानाने आजचा माझा विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. संस्थेच्या संकेतस्थळाच्या नावाचे मुदतीपूर्वी नूतनीकरण करणे, एवढाच तो विषय होय. वर्षाकाठी सामान्यतः हजार-दीड हजार रुपयांचे हे काम. त्यावर भाषण ते काय करावयाचे, असे कोणी म्हणेल. परंतु आज आपली वधुवर सूची, शिष्यवृत्तीचे अर्ज, देणगीदारांची यादी आणि मागील वर्षांच्या स्मरणिका ह्या सर्वांचा दरवाजा त्या एका नावाने उघडतो. दरवाजा आपला राहिला नाही, तर आत काय होईल ह्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम हे नाव म्हणजे काय, ते पाहू. संगणक एकमेकांस आकड्यांनी ओळखतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून आकड्यांऐवजी नाव वापरण्याची सोय करण्यात आली. प्रारंभी अशी सर्व नावे एकाच यादीत असत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ही यादी ठेवली जाई, आणि एलिझाबेथ फाइनलर ह्या विदुषींच्या देखरेखीखाली ते काम चाले. शाळेतील हजेरीपटासारखाच तो प्रकार होता. वर्गात तीस मुले असेतो एक पट पुरतो. मुले हजारांवर गेली की पुरत नाही. तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस ह्यांनी हा पट अनेक ठिकाणी विभागून ठेवण्याची व्यवस्था आखली. आज आपण जिला 'डोमेन नेम' म्हणतो, ती नावे त्याच व्यवस्थेत नोंदली जातात.

आरंभी ह्या नोंदणीस शुल्क पडत नसे. सप्टेंबर १९९५ पासून नेटवर्क सोल्यूशन्स ह्या अमेरिकन कंपनीने दोन वर्षांसाठी १०० डॉलर आकारण्यास सुरुवात केली, आणि पैसे न भरल्यास नाव जाण्याचा प्रश्न तेव्हापासून उभा राहिला. पुढे १९९८ साली ह्या नावांच्या जागतिक व्यवस्थेसाठी 'आयकॅन' ही संस्था कॅलिफोर्नियात स्थापन झाली. आपल्या देशाच्या '.इन' ह्या नावांचा कारभार 'निक्सी' ही संस्था पाहते. २०१४ पासून देवनागरीत '.भारत' असे नावही घेता येते. नाव इंग्रजीत असो वा मराठीत, मुदतीचा नियम मात्र सर्वांस लागू आहे.

आपण सहज म्हणतो, "मंडळाने नाव विकत घेतले आहे." हे बरोबर नाही. नाव विकत मिळत नाही. ते मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळते. '.कॉम' वा '.ऑर्ग' ह्यांसारख्या नावांचा पट्टा एका वेळी अधिकांत अधिक १० वर्षांचा असतो. पट्टा चालू आहे तोवर दुसऱ्या कोणास ते नाव घेता येत नाही. पट्टा संपला की आपला हक्क संपला. मग आपण ते नाव किती वर्षे वापरले, त्यावर किती श्रम केले, ह्याची दखल कोणी घेत नाही. कुळकायद्यासारखे संरक्षण येथे नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नाव निराळे, आणि संकेतस्थळातील मजकूर जेथे साठविला जातो ती जागा निराळी. पुष्कळदा दोहोंची बिलेही निराळी असतात. जागेचे भाडे भरले म्हणून नावाचे भरले असे होत नाही. घराचे भाडे भरून वीजबिल भरावयाचे राहिले, तर अंधार होतोच.

आता मुदत संपल्यावर काय घडते, ते क्रमाने सांगतो. '.ऑर्ग' प्रकारच्या एखाद्या नावाची मुदत ३१ मार्च रोजी संपते असे समजा. आयकॅनच्या नियमानुसार नोंदणी करणाऱ्या कंपनीने सुमारे एक महिना आधी, आणि पुन्हा सुमारे एक आठवडा आधी सूचना द्यावयाची असते. मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत तिसरी सूचना येते. त्यानंतर अधिकांत अधिक ४५ दिवसांपर्यंत बहुधा नेहमीच्या दराने नाव परत चालू करता येते; परंतु हे दिवस किती द्यावयाचे हे पुष्कळसे कंपनीवर अवलंबून असते, आणि काही कंपन्या ह्याच काळात नाव लिलावासही काढतात. नाव काढून टाकण्याची प्रक्रिया सुरू झाली की पुढील ३० दिवस ते सोडवून घेता येते, पण त्यासाठी मूळ शुल्काच्या कितीतरी पट दंड पडतो. अखेरचे ५ दिवस कोणासच काही करता येत नाही. म्हणजे सर्व सवलती पुरेपूर मिळाल्या असे धरले, तरी १९ जूनच्या सुमारास ते नाव जगात कोणासही खुले होते.

आणि ते घेणारे तयारच असतात. सुटलेली नावे क्षणार्धात पकडणाऱ्या यंत्रणा चालविणे हा काही कंपन्यांचा धंदाच आहे. जुन्या नावाची किंमत त्यांस ठाऊक असते. लोकांना ते पाठ असते, इतर संकेतस्थळांवर त्याचा उल्लेख असतो, आणि जाहिराती लावल्या की आयते गिऱ्हाईक येते.

ही गफलत लहान संस्थांच्याच हातून होते असे नव्हे. डिसेंबर १९९९ मध्ये नाताळच्या सुमारास मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीच्या 'पासपोर्ट.कॉम' ह्या नावाचे शुल्क भरावयाचे राहिले, आणि हॉटमेलच्या अनेक ग्राहकांस आपली पत्रे उघडता येईनात. मायकेल चेनी नावाच्या एका संगणकतज्ज्ञाने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले, तेव्हा सेवा पूर्ववत झाली. दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. अमेरिकेत मूकबधिरांस खुणांच्या भाषेच्या आधारे दूरध्वनी करता यावा म्हणून सेवा देणारी सॉरेन्सन कम्युनिकेशन्स ही कंपनी आहे. जून २०१६ मध्ये तिच्या एका नावाचे नूतनीकरण राहून गेले, आणि सेवा बंद पडल्यामुळे त्या लोकांस संकटसमयी मदतीसाठी ९११ हा क्रमांकही त्या मार्गाने लावता येईना. पुढील वर्षी तेथील सरकारी दळणवळण आयोगाशी झालेल्या तडजोडीत कंपनीस सुमारे ३० लक्ष डॉलर मोजावे लागले. हप्ता लहान म्हणून त्याची हयगय लहान ठरत नाही.

आपल्याकडचे एक उदाहरण संस्थेचे नाव न घेता सांगतो. शेजारच्या जिल्ह्यातील एका समाजसंस्थेचे संकेतस्थळ एका होतकरू तरुणाने उभे केले. नाव नोंदविले ते स्वतःच्या नावे, स्वतःच्या ई-मेलवर, आणि पैसेही स्वतःचे भरून. पुढे तो नोकरीनिमित्त परदेशी गेला आणि त्याचा तो ई-मेल मागे पडला. सूचना आल्या त्या त्या बंद पेटीत. काही महिन्यांनी एका वधुपित्याने वधुवर सूची पाहण्यासाठी पत्ता उघडला, तो समोर जुगाराच्या जाहिराती! त्या गृहस्थांनी संस्थेच्या कार्यवाहांस जे विचारले असेल, त्याची कल्पना आपण करू शकता. ह्यात त्या तरुणाचा दोष मी मानीत नाही. त्याने निरपेक्ष सेवा केली. दोष आहे तो संस्थेच्या मिळकतीची नोंद एका व्यक्तीच्या खिशात राहू देण्याचा.

ह्यापुढचा धोका तर डोळ्यांना दिसतही नाही. नाव दुसऱ्याच्या हाती गेले की त्या नावावर चालणाऱ्या ई-मेल पत्त्यांवर येणारी पत्रेही तो स्वतःकडे वळवू शकतो. आपल्या मुलींची माहिती, छायाचित्रे, जन्मतारखा, विद्यार्थ्यांचे दाखले, देणगीदारांची पत्रे, जे कोणी जुन्या पत्त्यावर पाठवील ते परक्याच्या हाती पडेल. त्याच पत्त्याच्या आधारे मंडळाच्या इतर खात्यांचे परवलीचे शब्द बदलून घेण्याचा मार्गही त्याला मोकळा होतो. आपल्याच नावाने देणगी मागणारे पान उभारले, तर वृद्ध देणगीदारास ते खोटे कसे कळावे? नावावरून खरेखोटे ओळखता यावे म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २०२५ साली सर्व बँकांस ३१ ऑक्टोबरपर्यंत '.बँक.इन' ह्या राखीव नावावर जाण्यास सांगितले. बँकांना जे महत्त्वाचे वाटते, ते विश्वासावर चालणाऱ्या आपल्यासारख्या संस्थेस कमी महत्त्वाचे कसे असेल?

शिवाय आपल्या संस्थांतून मतभेद होतात, कार्यकारिणी बदलतात. हे आपण जाणतो. अशा वेळी नाव ज्याच्या नावे नोंदलेले असेल, त्यालाच कंपनी धारक मानते. आपल्या सभेचा ठराव तिला ठाऊक नसतो. आज सर्व काही गोडीगुलाबीने चालले आहे, म्हणून ही व्यवस्था आजच करून घ्यावी. भांडणाच्या दिवशी ती होत नाही.

तर आता कर्तव्य काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे काही सूचना आपणांपुढे ठेवतो.

पहिली सूचना अशी की, नावाचा नोंदणीधारक मंडळ असावे, व्यक्ती नव्हे. सूचना येण्यासाठी दोन पदाधिकाऱ्यांचे ई-मेल व दूरध्वनी द्यावेत, आणि त्यांतील एक तरी ई-मेल ह्या नावाबाहेरचा असावा. कारण नाव बंद पडले की त्यावरचा ई-मेलही बंद पडतो, आणि मुदत संपल्याची सूचना त्या बंद घरातच पडून राहते.

दुसरी सूचना. शाळेत खुर्च्या, फळे, नकाशे ह्यांची जडसंग्रह नोंदवही असते आणि मुख्याध्यापक बदलले की तिच्यावर सह्या होऊन कार्यभार दिला-घेतला जातो. मंडळाच्या मालमत्तेच्या नोंदवहीत नावासाठी एक पान असावे: नाव कोणते, कोणत्या कंपनीकडे, मुदत केव्हा, शुल्क किती, शेवटची पावती कोठे. परवलीचा शब्द मात्र त्या वहीत लिहू नये. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांप्रमाणे तो मोहोरबंद पाकिटात कोषाध्यक्षांच्या तिजोरीत असावा. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज करण्याचे बंधन आपण पाळतोच; त्याच कागदांबरोबर ह्या नोंदीतील बदलही करून घ्यावा.

तिसरी सूचना. शुल्क मुदतीच्या निदान तीन महिने आधी भरावे. आधी भरल्याने उरलेले दिवस बुडतात अशी काहींची समजूत आहे. ती चुकीची आहे. नवे वर्ष जुन्या मुदतीच्या पुढे जोडले जाते. खात्यातून आपोआप पैसे जाण्याची सोय असते, ती ठेवावी, पण तिच्यावर विसंबू नये. कार्डाची मुदत संपते, खातेदार बदलतो. शिवाय ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले, तेव्हा कित्येकांची अशी देणी अडली होती. एकदम पाच वर्षांचे शुल्क भरणे चांगलेच. तथापि पाच वर्षांनी आठवण ठेवणारा माणूस त्याच जागी असेलच असे नाही. यास्तव शुल्क भरावयाचे असो वा नसो, दरवर्षी वार्षिक सभेत हिशेबाबरोबर नावाच्या मुदतीची तारीख वाचून दाखवावी. ती तारीख गुप्तही नसते. आयकॅनच्या शोधपानावर '.ऑर्ग' वा '.कॉम' नाव घातले की कोणाही सभासदास पाहता येते.

चौथी सूचना खोट्या बिलांसंबंधी आहे. "आपल्या नावाची मुदत संपत आहे, त्वरित पैसे भरा," अशी पत्रे भलत्याच कंपन्यांकडून येतात. नोंदवहीत जिचे नाव आहे, तिच्याच संकेतस्थळावर स्वतः जाऊन पैसे भरावेत. पत्रातील दुव्यावरून कधीही भरू नयेत.

शेवटची सूचना. उद्या आपण नवे नाव घेतले, तरी जुने लगेच सोडू नये. आपल्या जुन्या स्मरणिकांत, पावत्यांवर, वसतिगृहाच्या पाटीवर ते छापलेले आहे. छापलेला कागद परत बोलाविता येत नाही. निदान काही वर्षे ते नाव राखून जुन्या वाटेने येणाऱ्यांस नव्या घरी पोचवावे.

बंधुभगिनींनो, आपल्या पूर्वजांनी दोन-दोन आणे वर्गणी गोळा करून ह्या संस्था उभ्या केल्या. त्यांनी मिळविलेली खरी मिळकत इमारत नव्हे. ह्या नावावर लोक विश्वास ठेवतात, ही ती मिळकत. इमारतीची घरपट्टी आपण एकही वर्ष चुकवीत नाही. नावाची पट्टीही तशीच भरली जावी, तिच्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम असावी, आणि वरील व्यवस्थेचा ठराव ह्याच सभेत मंजूर व्हावा, अशी मी अध्यक्षमहाराजांस विनंती करतो. तरुण सभासदांनी ह्या कामी ज्येष्ठांस साहाय्य करावे. ज्येष्ठांनीही "हे मुलांचे काम" म्हणून अंग काढून घेऊ नये.