तिसऱ्या शाळेचा अर्ज



ज्या मुलाला ऐकू येत नाही, त्याच्या आईबापांनी नाशकात कोणाचे दार ठोठावावे हे सांगणारे कोणी ना कोणी भेटतेच. माई लेले श्रवण विकास विद्यालयाचे नाव या गावाला चांगले परिचित आहे. ज्या मुलाच्या बुद्धीची वाढ मंद आहे त्याच्यासाठी, स्वतःच्या घरातल्या अनुभवातून या प्रश्नाकडे वळलेल्या रजनी लिमये यांनी 1977 साली प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले, आणि तोही मार्ग आता मळलेला आहे. परंतु ज्याला उत्तम ऐकू येते, ज्याची बुद्धी वयाच्या मानाने यत्किंचितही उणी नाही, आणि तरीही ज्याला चारचौघांची भाषा समजून घेणे व आपले म्हणणे वाक्यात मांडणे साधत नाही, अशा मुलाचा बाप अर्ज हातात घेऊन निघाला, तर तो कोणत्या खिडकीपाशी उभा राहील, याचाच आज थोडा विचार करावयाचा आहे.

अशा मुलाला वैद्यकशास्त्र विकासात्मक भाषादोष असलेले मूल म्हणते. माझ्या परिचयातील एका घरी असा एक मुलगा आहे. तो दुसरीत शिकतो. मिक्सरचे झाकण का बसत नाही हे घरात सर्वांच्या आधी त्याच्या ध्यानात येते, पत्त्यांच्या डावात तो थोरांना हरवितो. परंतु ‘जेवून झाल्यावर दप्तर भर’ असे आईने सांगितले की तो ताटावरून उठून दप्तर भरू लागतो, कारण त्या वाक्यातील शेवटचे दोन शब्दच काय ते त्याच्या हाती लागलेले असतात. ‘कावळ्याने चिमणीला हाकलले’ हे चित्र तो बरोबर दाखवितो; तेच ‘चिमणीला कावळ्याने हाकलले’ असे फिरवून म्हटले, की तो बेधडक चिमणीने कावळ्याला हाकलल्याच्या चित्रावर बोट ठेवतो. ‘ने’ आणि ‘ला’ या दोन प्रत्ययांवर आपली सारी मराठी किती भार टाकते, हे आपल्याला कधी जाणवत नाही. या मुलाला ते दिवसातून शंभर वेळा जाणवते. वर्गात मात्र त्याच्या नावावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडतो, आणि वर्षभर तो तसाच राहतो.

घरच्या मंडळींची उपाययोजना ठरलेली असते. आजोबाही चार वर्षांचे होईतो बोलले नव्हते, म्हणून वाट पाहावी. जिभेखालचा पडदा कापून घ्यावा. घरात दोन भाषा बोलणे बंद करावे. यांपैकी शेवटचा सल्ला सुशिक्षितांकडूनही मिळतो, आणि तो निखालस चुकीचा आहे. दोन भाषा कानांवर पडल्याने हा दोष उत्पन्न होत नाही. मात्र भाषेचा प्रश्न दुसऱ्या बाजूने खरा आहे. आपल्याच जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, कळवण या भागांत घरी कोकणा बोलणारे मूल शाळेत मराठीपुढे गप्प बसले, तर तेवढ्यावरून त्याला भाषादोष आहे असे ठरविणे हा अन्याय होय. आणि घरच्या बोलीतही ज्याचे वाक्य जुळत नाही, त्याचे मौन ‘भाषा नवी आहे’ म्हणून सोडून देणे हा त्याच्याइतकाच मोठा अन्याय होय. तपासणी प्रथम घरच्या भाषेत व्हावयास हवी, ही गोष्ट दिव्यांगत्वाचा दाखला देणाराच विसरला तर पुढचे सारे दप्तर व्यर्थ होय. हा दोष विरळाही नाही. इंग्लंडमध्ये झालेल्या गणनेत शंभर मुलांमागे सुमारे सात मुलांत तो आढळला, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात अशी दोन मुले सहज बसलेली असावयाची.

आता कायद्याकडे वळू. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे नमूद आहेत, व त्यांत ‘वाचा व भाषा दिव्यांगत्व’ हा प्रकार पाहून बापाला हायसे वाटते. परंतु त्याची व्याख्या वाचली की असे दिसते, की स्वरयंत्र काढून टाकल्यामुळे अथवा मेंदूच्या विकाराने वाचा गेल्यामुळे कायमचे दिव्यांगत्व आलेल्यांना समोर ठेवून ती रचली आहे. जन्मतःच ज्याची भाषा नीट वाढीस लागली नाही, त्या पोराचे नाव तिथे सापडत नाही. ते सापडते निराळ्याच कलमात, विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत, जिथे वाचन-लेखनाच्या दोषांच्या यादीअखेर ‘विकासात्मक वाचाघात’ हे शब्द जवळजवळ चोरपावलांनी आले आहेत, आणि बोली भाषा ग्रहण करण्यातील उणीवही ज्या व्याख्येत स्पष्ट धरली आहे. बहुतेक अर्जदार या दाराशी जातच नाहीत. जे जातात त्यांना दुसरी अडचण भेटते. 2018 साली केंद्र सरकारने काढलेल्या सूचनांनी अध्ययन अक्षमतेचा दाखला आठ वर्षांच्या आतील मुलास देऊ नये असे ठरविले. वाचनातील दोष आठव्या वर्षी कळतो हे मान्य. पण बोलण्यातील दोष चौथ्या-पाचव्या वर्षी उघड दिसत असता, ज्या काळात उपचाराची निकड सर्वांत अधिक, तोच काळ दाखल्याविना काढावयास लावणे ही मला तरी विपरीत व्यवस्था वाटते.

मग बाप काय करतो? तो ‘विशेष शाळेत प्रवेश मिळावा’ असा अर्ज लिहितो. कर्णबधिरांची शाळा म्हणते, ऐकण्याचा आलेख निर्दोष आहे. दुसरी म्हणते, बुद्ध्यंक उत्तम आहे. आणि दोघींचेही म्हणणे खरे असते. घराजवळच्या शाळेतील मुख्याध्यापक चहा देऊन गोड शब्दांत सांगतात, ‘आमच्याकडे सोय नाही हो.’ येथे माझे स्पष्ट सांगणे आहे, की हा तोंडी नकार घेऊन कोणीही घरी परतू नये. ज्या नकारावर तारीख नाही, जावक क्रमांक नाही, त्यावर दाद मागता येत नाही. अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि सोय नसेल तर तसे लेखी कळवावे अशी विनंती अर्जातच करावी. अनेकदा एवढ्या एका ओळीने सोय निघते.

विलायतेत यासाठी बरीच पक्की तजवीज आहे. सरे परगण्यातील मूर हाउस ही केवळ अशा मुलांसाठी असलेली शाळा 1947 सालापासून चालू आहे. मुलाच्या शिक्षणयोजनेत अमुकच शाळेचे नाव घालावे असा आग्रह आईबाप धरू शकतात, आणि स्थानिक अधिकाऱ्यांनी तो नाकारल्यास 2014 च्या कायद्यान्वये न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. तिकडील मराठी कुटुंबांपैकीही कोणी कोणी त्या वाटेने गेले असेल. पण आपल्याकडे जी शाळाच अस्तित्वात नाही तिच्यातील जागेसाठी भांडण्यात अर्थ नाही, आणि खरे पाहता या मुलाला चांगल्या शेजाऱ्यांपासून दूर नेण्याची नेहमीच गरज असते असेही नाही.

म्हणून आपला अर्ज निराळा असावा. रोगाचे नाव एका ओळीत लिहून, मुलाला काय जमत नाही याची कैफियत नमुन्यांसह द्यावी: कोणते वाक्य सांगितले, त्याने काय केले, कोणत्या तारखेला. सोबत श्रवणतपासणीचा व बुद्ध्यंकाचा अहवाल, वाचाउपचारतज्ज्ञाचे निष्कर्ष आणि वर्गातील वह्या जोडाव्यात. मागणी नेमकी करावी: वाचाउपचारतज्ज्ञाची शाळेत आठवड्यातून ठरावीक वेळी भेट, तोंडी सूचना एकावेळी एकच, आणि जमेल तिथे चित्रासह, परीक्षेत जादा वेळ, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सवलत. या शेवटच्या दोन गोष्टींना अधिनियमाच्या सतराव्या कलमाचा आधार आहे, आणि अध्ययन अक्षमतेच्या विद्यार्थ्यांना परीक्षेतील सवलती देण्यास महाराष्ट्राने तर 1996 सालीच आरंभ केला होता. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असेल, तर एकतिसाव्या कलमान्वये सहा ते अठरा वर्षांपर्यंत शेजारच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्कच पोहोचतो. दाखला नाकारला गेल्यास त्या निर्णयाविरुद्ध अपिलाची तरतूद एकोणसाठाव्या कलमात आहे.

एवढे करूनही शाळा वा शिक्षणखाते ढिम्म राहिले, तर पुण्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी. आयुक्तांनी शिफारस केल्यावर संबंधित अधिकाऱ्याने कोणती कार्यवाही केली हे तीन महिन्यांच्या आत कळविले पाहिजे, असा कायद्याचा दंडक आहे. आणि शाळेच्या हिशेबाने तीन महिने म्हणजे जूनपासून गणपतीपर्यंतचा सारा अभ्यास. तेव्हा ज्यांच्या घरी असे मूल पुढील वर्षी पहिलीत जावयाचे असेल, त्यांनी जून उजाडण्याची वाट न पाहता श्रवणतपासणीची तारीख दिवाळीच्या सुटीतच घ्यावी, आणि अर्ज जानेवारीत आवक-खिडकीवर द्यावा.